सापांच्या खोलीतली आत्या

मे महिन्यात आमच्या समुद्रपुरात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून फिरणारी बाई एक तर वेडी असते, नाहीतर मी. मला कोड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हे न सांगण्यात आमच्या घरानं इतकी वर्षं घालवली की आता त्याचा नुसता शीण उरला आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, मानेवर एक मोठा डाग आणि कमरेवर एक जुना, जिथून सगळं सुरू झालं. दुखत नाही, खाजत नाही, कोणाला लागत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कोड संसर्गजन्य नाही, हे दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून पोरांना सांगते आणि सांगताना बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या असतात. पोरं काय समजायचं ते समजतात.

घरात आम्ही चौघं. धाकटा भाऊ, भावजय, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी. समोर भावाचं बियाण्या-खताचं दुकान, मागे घर. बैठकीला लागून एक खोली आहे, तिथे आधी खताची पोती रचलेली असायची. आता तिथे साप असतात.

हो, साप. बॉल पायथन. आफ्रिकेतल्या अजगराची ही लहानशी जात, तीन-चार फुटांपलीकडे फारशी वाढत नाही. विष नाही, रागही नाही. घाबरला की हा साप अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मधोमध लपवून बसतो, जग जायचं तिथे जावो. पहिल्या वर्षी अर्धं गाव दुकानासमोर जमलं होतं, यानं जंगलातला अजगर धरून आणला म्हणून. तेव्हापासून भावानं सरकारी नोंदणीचे कागद प्लास्टिकमध्ये घालून खोलीच्या दारावरच लावले. तरी शेजारची म्हातारी अजून सांगत फिरते की माझे हात सापाची लाळ लागून असे झाले. साप येऊन सहा वर्षं झाली, हात पांढरे होऊन पंचवीस. पण म्हातारीशी वाद घालायचा कोणी? मला तर आता कोणाशीच वाद घालवत नाही.

साधा बॉल पायथन चॉकलेटी असतो आणि त्याच्यावर सोनेरी-पिवळट ठिपके असतात. मला तोच आवडतो. पण भावाला हवा होता पाइड. पाइड म्हणजे तोच साप, तेच ठिपके, पण अंगावर मधे मधे वीतभर शुभ्र पांढरं. तिथे रंग उगवलेलाच नाही. तो मला मोबाइलवर फोटो दाखवायचा.

"पाह्य ना ताई, काय देखना हाय! जितका पांढरा, तितका भारी. लोक झुरतेत अशा सापासाठी."

"हव," मी म्हणायचे. "देखना हाय."

त्याच्या मनात काही नसायचं. खरंच नसायचं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

तयार पाइड त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. मग त्यानं पुण्याच्या एका पाळणाऱ्याकडून नर-मादीची जोडी आणायची ठरवली, दिसायला दोघंही साधे, पण ज्यांच्या अंगात पांढरं लपलेलं आहे असे. महिनाभर फोन चालले. आई कशी होती? बाप कसा होता? बापाच्या अंगावर पांढरं किती? आधीच्या पिल्लांत निघालं का? भावजय एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एवढी चौकशी तं माह्या लग्नात तुमच्या घरच्यायनं केली नाई." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

जोडी आली तेव्हा रात्रीच्या जेवणाला भावानं आम्हाला तो नियम समजावून सांगितला, जो मी अठ्ठावीस वर्षं वाटाण्याच्या शेंगांवरून शिकवते आहे. पांढऱ्याचा एक अंश आईकडून आणि एक बापाकडून आला तरच पिल्लू पांढरं. एकाकडूनच आला तर पिल्लू दिसायला साधं, पण पुढच्या पिढीला देणारं. दोघंही असे असले तर चारात एक.

"चार अंडे, एक पांढरं," भाऊ म्हणाला.

"तसं नाई रे बाबा," मी म्हणाले. "चारात एक म्हणजे रांगेनं चौथं नव्हे. दर अंड्याले वेगळं नशीब. दहा अंड्यांत एकही नाई निघत, आन दोन अंड्यांत दोनी निघतेत."

"तू मास्तरीन हाय म्हणून आमचा जीव घेतं," तो म्हणाला. पहिल्या खेपेला मादीनं पाच अंडी घातली. दोन सडली, तीन फुटली, तिन्ही साधी. भाऊ आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. मला वाटलं, वर्गात पहिल्या बाकावर बसला असता तर एवढं दुःख झालं नसतं त्याला.

कोडाचं गणित असं वाटाण्याइतकं सरळ नसतं, हेही इथेच सांगते. घरात असलं तर होण्याची शक्यता थोडी वाढते, एवढंच. माझ्या आईला नव्हतं, बापाला नव्हतं, आजीला नव्हतं. मला झालं. भावाला नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एक दिवस भाची माझ्या खोलीत आली, दार लावलं, पलंगावर बसली आणि पायातला मोजा काढला. उजव्या घोट्याच्या वर, तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका.

"आत्या, हे तेच हाय का?"

मी चष्मा लावून पाहिलं. पाहायची गरज नव्हती. "हव," म्हणाले.

ती रडली नाही. हिंगणघाटला बँकेत नोकरी करते, डोकं ठिकाणावर असलेली पोरगी. तिनं मोजा परत घातला आणि मला शपथ घातली. बाबाला नाही, आईला नाही, कोणालाच नाही. मी तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. घरी सांगितलं की माझ्या गुडघ्याचं दाखवायला जातो. मलम मिळालं, कोवळं ऊन घ्यायला सांगितलं. ठिपका गेला नाही, वाढलाही नाही. ती सँडल सोडून बंद बूट घालू लागली. भर उन्हाळ्यात मोजे. भावजय म्हणायची, "बँकेत जायले लागल्यापासून फॅशन वाढली पोट्टीची."

मला झोप लागेना. शपथ मोडवत नव्हती आणि पाळणंही जड जात होतं, कारण लपवलं की पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं.

माझं लग्न झालेलं आहे. दीड महिना टिकलं. अल्लीपूरकडचं घर होतं, चांगली शेती, चांगली माणसं. माझ्या कमरेवरचा डाग तेव्हा रुपयाएवढा होता. वडील म्हणाले, साडीत झाकलेला राहतो, सांगायचं काय त्यात? मीही काही बोलले नाही. एकवीस वर्षांची होते आणि मला लग्न करायचं होतं. दीड महिन्यानं सासूनं अंघोळीच्या वेळी पाहिलं. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. दुसऱ्या दिवशी नवरा मला ट्रंकेसह एसटीत बसवून इथे सोडून गेला. अंगणात उभा राहून वडिलांना एकच वाक्य बोलला, "तुमी आमाले फसवलं." आणि आयुष्यभर मला जे लागलं ते हेच, की त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानंतर मी शिकले, नोकरीला लागले, डाग हातांवर उतरला आणि मी बाह्या वाढवल्या.

म्हणून मी भाचीला परत परत सांगायचे, "ज्याच्याशी करशील त्याले आधी सांगजो. लग्नाच्या आधी. एवढं कर माह्यासाठी."

"सांगीन," ती म्हणायची. "पन आधी त्याले मी आवडू तं दे."

आता भावाचं सांगते. तिला पाहायला माणसं येऊ लागली तेव्हा पहिल्या वेळी तो माझ्या दारात आला, चौकटीला धरून उभा राहिला. म्हणाला, "ताई, रविवारी तू वर्ध्याले जाऊन येजो. तुह्या त्या मैत्रिणीकडे." माझी वर्ध्यात कोणी मैत्रीण नाही. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी गेले. स्टँडवर उसाचा रस प्याले, बाकावर बसून पेपर तपासले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. दुसऱ्या वेळीही गेले. दोन्ही वेळा जमलं नाही, तेही वेगळ्याच कारणानं. तरी गेल्याबद्दल कोणी माझे उपकार मानले नाहीत आणि मीही राग बोलून दाखवला नाही. घरात काही गोष्टी अशाच चालतात, मोडक्या खुर्चीवर सगळे सवयीनं जपून बसतात तशा.

तिसरं स्थळ हिंगणीकडचं. हे वेगळं होतं. मुलगा तिच्याच बँकेत, दुसऱ्या शाखेत. ट्रेनिंगमध्ये ओळख झालेली. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून, हे तिच्या जेवणावरून कळत होतं. जेवतच नव्हती. पत्रिका जुळल्या, मोठ्यांचं बोलणं झालं, रविवार ठरला.

"त्याले सांगितलं का?" मी विचारलं.

"या भेटीनंतर सांगतो, आत्या. नक्की. मी त्याले माह्या तोंडानं सांगीन." आणि मग म्हणाली, "मले भेव लागते."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. यापेक्षा जास्त काही आलं नाही मला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मादीची दुसरी अंडी फुटायला आली. सहा अंडी, एकमेकांना चिकटलेली, थर्माकोलच्या पेटीत ओल्या कोकोपीटवर ठेवलेली. बाकीचे लोक अशी अंडी गरम ठेवायला धडपडतात. आम्ही विदर्भातले, आमची धडपड ती गार ठेवायची. बत्तीस अंशांच्या वर गेलं की पिल्लू आतच मरतं आणि बाहेर सेहेचाळीस. वरून लाइन जायची. मग कोणीतरी पेटीशी बसून बर्फाच्या बाटल्या आत-बाहेर करायच्या, कूलरमध्ये पाणी घालायचं. रविवारी छपन्नावा दिवस होता.

शनिवारी भाऊ पुन्हा चौकटीला धरून उभा राहिला. या वेळी वर्धा म्हणायची त्याला हिंमत झाली नाही, एवढ्या उन्हात माझे गुडघे. म्हणाला, "ताई, उद्या तू अंड्यायजवळ बसशील का? पेटीवर कोनीतरी पाहिजेच."

"बसते," मी म्हणाले.

"दार लावून बसजो. थंडावा राह्यला पाहिजे आत."

"हव. थंडावा," मी म्हणाले. तो खाली बघत निघून गेला.

रविवारी दुपारी मी सापांच्या खोलीत स्टुलावर बसले. पाहुणे आले, चपला वाजल्या, कूलर घरघरला. बैठक आणि ही खोली यांच्यात एकच फळ्यांचं दार आहे आणि खाली बोटभर फट. शब्द न् शब्द ऐकू येतो. आत कोणी बघणारं नव्हतं, म्हणून मी बाह्या कोपराच्या वर सारल्या. काय सांगू, त्या हातांना वारा लागला तर रडू यावं इतकं बरं वाटलं.

पलीकडे पोहे झाले, नोकरीचं झालं, उन्हाचं झालं. मग मुलाची आई बोलली. आवाज मऊ होता तिचा. "भाऊ, एक इचारू का? राग नका मानू, इचारा लागते. घरान्यात कोनाले कोड, मिरगी, असं काही?"

"नाई जी," भाऊ म्हणाला. "काईच नाई."

तो अडखळला नाही. जरासा अडखळला असता तरी मला बरं वाटलं असतं. आणि बैठकीत माझी भाची बसलेली होती, घोट्यावर मोजा, वर साडी. तिचा आवाज आला नाही. माझ्या वेळी मीही अशीच बसले होते, आणि मला वाटलं, उठावं, दार उघडावं आणि सांगावं. पण ते माझं सांगणं नव्हतं. तिनं तिच्या तोंडानं सांगीन म्हटलं होतं. मी स्टुलावर बसून राहिले आणि बर्फाची बाटली बदलली.

मग मुलाच्या वडिलांनी सापांचा विषय काढला. त्यांच्याकडे बोर अभयारण्याच्या बाजूला अजगर निघतो, तोच का हा? झालं. भावाचा आवाज एकदम वर गेला. तो सांगू लागला. हा वेगळा जी, हा आफ्रिकेतला. आमची जोडी दिसते साधी, पन दोघांयच्या अंगात पांढरं हाय.

"म्हंजे लपून राह्यते?" मुलाच्या आईनं विचारलं.

"हव, लपून राह्यते. वरून पाहाल तं कळत नाई. पोटी निघते तवा कळते."

मी आत बसून हसले. एकटीच, तोंडावर पदर धरून. कडू होतं ते हसू, पण होतं.

तेवढ्यात पेटीत हालचाल झाली. कोपऱ्यातल्या अंड्याला ब्लेडनं ओढावी तशी बारीक चीर पडली होती. मी वाकले. चिरेतून आधी नाकाचं टोक आलं, ओलं, चॉकलेटी. मग पिल्लानं आत कूस बदलली आणि चिरेतून अंगाचा एक वेढा दिसला. पांढरा. दुधासारखा पांढरा, त्यावर एकही ठिपका नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. अंडं फुटलं की जो पहिल्यांदा पाहील त्यानं ओरडायचं. पहिल्या खेपेला भाची ओरडली होती आणि भावजय कणकेच्या हातानं धावली होती. त्या क्षणी मला कोड नव्हतं, पाहुणे नव्हते, दार नव्हतं. मी ओरडले, "फुटलं रे! फुटलं!"

बैठकीतून भाऊही तसाच ओरडला, "पांढरं हाय का?"

"हाय! पांढरं हाय!"

खुर्ची सरकली, दार धाडकन उघडलं. भाऊ आत आला, तोंड पसरलेलं, डोळ्यांत पाणी. मी कुठे बसले आहे आणि का बसले आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्याच्यामागे मुलाचे वडील, मुलगा, आई, सगळी माणसं साप पाहायला आत शिरली. "या, या, पाहा," तो म्हणत होता. मुलाची आई वाकली. "अव माय! काय सुंदर हाय वो!" ती म्हणाली. मग पेटीच्या कडेवरचे माझे हात तिला दिसले.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग माझ्या मानेकडे. बाह्या खाली ओढायला मला वेळच मिळाला नाही आणि खरं तर उपयोगही नव्हता.

"ह्या कोन?" तिनं विचारलं.

भावाचं तोंड उतरलं. त्याला तेव्हा आठवलं. "ह्या..." तो म्हणाला, "ह्या बाई येतेत. सापायचं पाहाले. कामाले."

मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आहे. त्याला कडेवर घेऊन दळण आणायला गेलेली आहे. आणि ऐका, मी काय केलं ते. मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली! कामाला येते म्हणून. भावानं मला नाकारलं त्याचं दुःख आहेच, पण मी त्याला साथ दिली याची लाज त्याहून जास्त आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

दारात भाची उभी होती. ती म्हणाली, "कामाले नाई. ही माही आत्या हाय."

"पोरी, तू गप," भावजय मागून म्हणाली.

भाची आत आली. भिंतीला टेकून वाकली, मोजा काढला आणि साडीचा काठ वीतभर उचलला. "आन हे मले हाय. दोन वर्षं झाले. बाबाले मालूम नाई. मी आज सांगनारच होतो तुमाले." शेवटचं वाक्य ती मुलाकडे बघून बोलली.

मुलगा तिच्या पायाकडे बघत होता, मग त्यानं आईकडे बघितलं. भावाकडे तर मला बघवलंच नाही. मुलाच्या आईनं पदर सावरला, माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "बाई, राग नका धरू. माह्या पोराचं मले पाहा लागते." ती वाईट बाई नव्हती. माझी सासूही वाईट नव्हती. थकवा येतो तो याचाच, की शिव्या द्यायला कोणी सापडत नाही.

ते गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळल्या म्हणूनच तर ते आले होते, पण असो.

भावजय माझ्याशी बोलेना. एकदाच बोलली, भांडी आदळत, "तुमी वरडल्या नसत्या तं माह्या पोरीचं जमलं असतं." जमलं असतं, हे खरंच होतं. दीड महिना टिकलं असतं की जन्मभर, ते मी कसं सांगणार?

भाची दोन दिवस खोलीत पडून होती. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याची आई बोलली ते ठीक हाय, आत्या. पन थो एक शब्द नाई बोलला." मग उठून बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली. मीही रडले, किती वर्षांचं ते मोजलं नाही. सोमवारी ती बँकेत गेली. बूट नाही, मोजे नाहीत. पट्ट्याची सँडल. ती एसटीच्या पायरीवर चढताना मी तिचा उघडा घोटा पाहिला. पुढच्या आठवड्यात मी शिंप्याकडे गेले आणि अर्ध्या बाह्यांचे चार ब्लाऊज शिवायला टाकले. शिंपी म्हणाला, "मॅडम, माप चुकलं का?" मी म्हणाले, "माप बरोबर हाय. शिव."

सहापैकी दोन पांढरी निघाली, तीन साधी आणि एक आतच मेलं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, तरी भावानं कोणाला फोटो पाठवला नाही. एक दिवस मी पाणी घालायला गेले तर तो खाली फरशीवर बसला होता, मांडीवर ते पहिलं पिल्लू. डोकं चॉकलेटी, गळ्याखाली पांढरं, शेपटीकडे पुन्हा ठिपके. भीतीनं त्यानं अंगाचा चेंडू केला होता.

"तुले मालूम होतं, तिचं?" त्यानं विचारलं.

"हव."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले सांगून काय होनार होतं?" मी म्हणाले. "तूनं तिलेबी याच खोलीत बसवलं असतं. माह्या बाजूले."

मी इतकं कधी बोलत नाही. त्यानं पिल्लू डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि बराच वेळ पाण्याच्या वाट्या घासत बसला, आधीच स्वच्छ असलेल्या. माफी मागणं आमच्या घरात कोणाला शिकवलेलं नाही.

पोळा झाल्यावर एका संध्याकाळी आर्वीकडच्या एका घरून फोन आला. कोणाच्या तरी ओळखीतून मुलीची माहिती मिळालेली. भाऊ बैठकीत फोनवर बोलत होता, मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. शिक्षण झालं, नोकरी झाली, रविवारी येतो झालं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि भाऊ गप्प झाला. ते काय विचारलं असेल हे मला कळलं. ते शेवटीच विचारतात. माझा लाटण्यावरचा हात थांबला.

"हव जी," भाऊ म्हणाला. "हाय. माह्या मोठ्या बहिनीले हाय, दोन्ही हातायवर. माह्या पोरीच्या पायावर एक ठिपका हाय. आता सांगून राह्यलो, मंग म्हनसान का सांगितलं नाई. यायचं असन तं या, दोघीबी समोरच बसतीन."

पलीकडच्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. खरं सांगते, मी कानच दिला नाही. तव्यावरची पोळी करपत होती आणि मला ती उलटायचंही सुचेना.

फोन ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला, चौकटीला धरून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "रविवारी कुठं जाऊ नको."